नॉर्मन लिअर: टीव्हीचा निर्माता नेमकं करतो तरी काय?

पारिजात
मालिका म्हटली की आपल्याला नट-नट्या आठवतात, फार तर लेखक. निर्माता म्हणजे पैसे लावणारा आणि चॅनलशी बोलणी करणारा, बस. नॉर्मन लिअरची कारकीर्द नीट बघितली की ही समजूत टिकत नाही, म्हणून हा धागा.

लिअरचा जन्म १९२२चा, न्यू हेवनचा. ५ डिसेंबर २०२३ला गेला तेव्हा वय १०१. १९७०च्या दशकात अमेरिकन टीव्हीवर त्याचं राज्य होतं म्हटलं तरी चालेल. १९७४-७५च्या हंगामात पहिल्या दहा कार्यक्रमांत पाच त्याच्या आणि त्याचा भागीदार बड यॉर्किनच्या घरातले होते: 'ऑल इन द फॅमिली', 'सॅनफर्ड अँड सन', 'द जेफरसन्स', 'गुड टाइम्स' आणि 'मॉड'.

पण मला आकड्यांपेक्षा एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. 'ऑल इन द फॅमिली'चा मूळ साचा बीबीसीच्या 'टिल डेथ अस डू पार्ट'चा. एबीसी या वाहिनीने दोनदा पायलट, म्हणजे नमुन्याचा भाग, करून घेतला आणि दोन्ही वेळा नाकारला. शेवटी सीबीएस या दुसऱ्या वाहिनीने घेतला. पहिल्या भागात रविवारी सकाळी मालिकेचा नायक, पूर्वग्रहांनी भरलेला आर्ची बंकर आणि त्याची बायको ईडिथ चर्चमधून ठरल्या वेळेच्या आधी घरी येतात. मुलगी आणि जावई खोलीतून खाली येतात, आणि आर्ची म्हणतो की रविवारी सकाळी अकरा वाजता हे काय! सीबीएसचं म्हणणं, हे वाक्य काढा, कारण त्यामुळे ती दोघं वर काय करत होती ते प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे उभं राहतं. अख्ख्या भागात आर्ची ज्यू, काळे, पोर्टोरिकन सगळ्यांबद्दल वाट्टेल ते बोलतो, ते चाललं. अडलं ते या साध्या वाक्यापाशी.

लिअरने सांगितलं, वाक्य गेलं तर मीही जातो. आज या फुटकळ गोष्टीवर माघार घेतली तर पुढे रोज अशाच फुटकळ गोष्टींवर भांडत बसावं लागेल, हा त्याचा हिशोब. १२ जानेवारी १९७१ला भाग वाक्यासकट गेला. संतापाचे फोन येतील म्हणून सीबीएसने जादा ऑपरेटर बसवले होते. फोन अगदीच कमी आले.

माझ्या मते निर्मात्याचं खरं काम हे. कुठल्या वाक्यासाठी नोकरी पणाला लावायची ते त्याला कळलं पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? आणि ज्यांनी या मालिका तेव्हा पाहिल्या त्यांनी जरूर लिहा.

चिंगी_२०
मस्त विषय! वाचतेय.

वसंतकाका
पारिजात, फार बरं वाटलं हा धागा बघून. मी सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहायचो, आणि आर्ची बंकरचं घरही क्वीन्समध्येच दाखवलंय. १९६५चा इमिग्रेशनचा कायदा बदलल्यावर आमच्यासारखे डॉक्टर, इंजिनियर तिथे उतरायला लागले होते. म्हणजे आर्ची ज्यांच्या नावाने बोटं मोडायचा, त्या 'बदलत चाललेल्या मोहल्ल्या'तले नवे शेजारी आम्हीच.

आम्ही चार-पाच पोरं एका अपार्टमेंटमध्ये. शनिवारी रात्री आठला टीव्हीसमोर बैठक. इंग्रजी अर्धं डोक्यावरून जायचं, पण आर्चीचा चेहरा बघून कळायचं. विशेषतः जावई त्याला खिंडीत गाठतो आणि आर्चीला उत्तर सुचत नाही, तेव्हा तो डोळे फिरवून दुसऱ्याच कुणावर तरी खेकसायचा. आर्ची करणारा कॅरल ओ'कॉनर काय नट होता! त्याला खुर्चीत नुसतं बसवलं तरी प्रेक्षक हसायचे.

आमच्या फोरमनला आर्ची फार आवडायचा. सोमवारी कामावर तो आर्चीची वाक्यं म्हणून दाखवायचा, आमच्यासमोरच. कधी हसू यायचं, कधी नाही यायचं. पण तोच माणूस मी फ्लूने पडलो तेव्हा सूप घेऊन चार मजले चढून आला. हे दोन्ही मी पाहिलंय, म्हणून लिअरने आर्चीला नुसता खलनायक केला नाही ते मला पटतं.

अण्णा_भोर
काका, क्वीन्सच्या आणखी आठवणी लिहा. तुमचा एक स्वतंत्र धागा व्हायला हवा.

वसंतकाका
लिहीन रे. फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ झालं १९७७ला, त्याच्या आधीचं क्वीन्स आमच्या पिढीलाच आठवतं.

तर्कटी
लिअरबद्दल आदर आहेच, पण एक प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. लोक आर्चीला हसत होते की आर्चीसोबत हसत होते?

नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७४चा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी अमेरिकेतले शाळकरी तरुण आणि कॅनडातले प्रौढ प्रेक्षक घेतले. ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह जास्त, त्यांना भांडणात बहुतेकदा आर्चीच जिंकतो असं वाटत होतं. ज्याने त्याने आपल्याला हवं तेच पाहिलं. मालिकेच्या सुरुवातीला सीबीएसने पाटी दाखवली होती, की आपल्या उणिवा आणि पूर्वग्रह किती हास्यास्पद आहेत ते हसत हसत दाखवायचा हा प्रयत्न आहे. हेतू चांगला, पण परिणाम तसा झाला का? काकांचा फोरमन हेच उदाहरण घ्या ना. तो आर्चीची वाक्यं म्हणत होता, जावयाची नव्हे.

पारिजात
तर्कटी, अभ्यास खरा आहे आणि हा आक्षेप तेव्हाही होता. लॉरा हॉब्सन या लेखिकेने सप्टेंबर १९७१मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोठा लेख लिहून विचारलं होतं, की आर्चीसारखा माणूस घरात जे खरे विखारी शब्द वापरेल ते मालिकेत नाहीत, त्याला गोड करून दाखवताय, हा प्रामाणिकपणा कुठला? लिअरने त्याच वर्तमानपत्रात उत्तर दिलं.

पण एका मालिकेने देशाचे पूर्वग्रह पुसावेत ही अपेक्षा आपण कशाला ठेवायची? त्याआधीच्या अमेरिकन विनोदी मालिकांत घरातलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे रोस्ट करपला आणि साहेब जेवायला येणार आहेत, एवढंच. सीबीएसवर त्या वर्षापर्यंत 'बेव्हर्ली हिलबिलीज', 'ग्रीन एकर्स' अशी खेडवळ गंमत चालू होती. व्हिएतनाम चालू, शहरांत दंगली झालेल्या, आणि टीव्हीवर त्याचा मागमूस नाही. लिअरने तेच भांडण जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. ज्या घरात बाप आणि मुलगा या विषयांवर बोलतच नव्हते तिथे निदान बोलायला सुरुवात झाली. मला हे पुष्कळ वाटतं.

कोकणस्थ_बाई
निक्सनच्या टेप्समध्येसुद्धा ही मालिका आहे! आर्चीचा एक दणकट मित्र समलिंगी निघतो असा भाग निक्सनने पाहिला होता, आणि मे १९७१मध्ये त्यावर तो आपल्या माणसांपुढे तावातावाने बोलतोय ते रेकॉर्ड झालंय. देशाचा अध्यक्ष ऑफिसात बसून मालिकेवर चिडतो, याहून मोठी पावती ती कसली.

गोट्या
आणि फ्लशचा आवाज? वरच्या मजल्यावरून आर्चीने फ्लश केला की प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. विनोदाला लेखक लागतोच असं नाही, प्लंबरही चालतो.

चिंगी_२०
गोट्या =))

मीरा_कराड
मी पेशाने स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून 'मॉड'बद्दल लिहिते. मॉड ही ईडिथची नात्यातली बहीण, आर्चीच्या अगदी उलट विचारांची, बिया आर्थरने केलेली. १९७२च्या नोव्हेंबरमध्ये त्यात दोन भाग लागोपाठ आले. ४७ वर्षांची, आजी झालेली मॉड गरोदर राहते आणि नवऱ्याशी बोलून गर्भपाताचा निर्णय घेते. लेखिका सुझन हॅरिस. न्यूयॉर्क राज्यात गर्भपात १९७०पासून कायदेशीर होता, पण देशभरासाठीचा 'रो विरुद्ध वेड' निकाल आला जानेवारी १९७३मध्ये, म्हणजे हे भाग निकालाच्या दोन महिने आधीचे. इलिनॉयमधल्या दोन केंद्रांनी ते दाखवलेच नाहीत. ऑगस्ट १९७३ला पुनःप्रक्षेपणाच्या वेळी तर आणखी कितीतरी केंद्रांनी आणि जाहिरातदारांनी पाठ फिरवली.

आपल्याकडे याच सुमारास गर्भपाताचा कायदा झाला. १९७१ला संसदेत मंजूर, १ एप्रिल १९७२पासून लागू. कायदा आधी आला, पण घरात बसून नवरा-बायको त्यावर शांतपणे बोलतायत असं दृश्य आपल्या पडद्यावर यायला किती काळ गेला ते आठवून बघा. माझ्याकडे आजही बायका येतात त्या एकट्या किंवा आईबरोबर, नवऱ्याशी बोलणं झालेलंच नसतं. मॉड आणि वॉल्टर शेवटी पलंगावर बसून बोलतात. तू योग्य तेच करते आहेस, असा त्याचा सूर असतो. तो प्रसंग मी विद्यार्थ्यांना दाखवते.

लेखणीबहाद्दर
मी मराठी मालिकांचे संवाद लिहितो, त्यामुळे पारिजातच्या मूळ मुद्द्यावर बोलतो. आमच्याकडे वनलाइन, म्हणजे भागाची थोडक्यात गोष्ट, चॅनलकडे जाते, तिथून सूचना येतात, मग पटकथा, मग संवाद, मग सेटवर परत फोन. एकदा एका मालिकेत सुनेने सासऱ्याला एक साधा प्रश्न विचारला होता, की मालमत्तेच्या कागदावर माझी सही कशाला हवी. वाक्य काढायला सांगितलं. कारण दिलं की सून आगाऊ वाटते. आमचा निर्माता चांगला माणूस, पण आधी तयार करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपलेली, दुसऱ्या दिवशी टेलिकास्ट. वाक्य गेलं. पुढचे तीन आठवडे तो सहीचा ट्रॅक लंगडत राहिला, कारण त्याचं मूळच त्या वाक्यात होतं.

म्हणून लिअर 'मी जातो' म्हणू शकला याचं मोल मला कळतं. पण त्याच्या बाजूने दोन गोष्टी होत्या, त्या विसरू नका. एक, तो स्वतः लेखक होता. डीन मार्टिन आणि जेरी लुईस या विनोदी जोडीसाठी त्याने लिहिलं होतं, 'डिव्होर्स अमेरिकन स्टाइल'च्या पटकथेसाठी त्याला ऑस्करचं नामांकन होतं. टीव्ही सुटला तर सिनेमा होता. दुसरं, सीबीएसचा अध्यक्ष रॉबर्ट वुड याला शहरी तरुण प्रेक्षक हवाच होता. दोघांची गरज जुळली. आमच्या निर्मात्याकडे यातलं काहीच नव्हतं.

पारिजात
लेखणीबहाद्दर, हे फार मोलाचं लिहिलंस. दुसरा मुद्दा मान्यच. पहिल्यावर एक भर घालते: तो निव्वळ पर्याय होता म्हणून धीट झाला असं मला वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बरवर रेडिओ ऑपरेटर आणि गनर म्हणून इटलीतल्या फोजियाहून त्याने ५२ मोहिमा केल्या. त्याआधी नऊ वर्षांचा असताना बापाला खोट्या रोख्यांच्या प्रकरणात तुरुंगात जाताना पाहिलेलं. आर्ची ईडिथला गप्प बसवताना जे शब्द वापरतो ते लिअरच्या बापाचे, आईला उद्देशून. ती मालिका त्याच्या घरातून आली होती, त्यामुळे त्यातलं वाक्य कापणं त्याला साधी काटछाट वाटणं शक्य नव्हतं.

काळा_घोडा
सगळे आरती ओवाळतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. 'गुड टाइम्स' बघा. शिकागोच्या सरकारी वसाहतीतलं काळं कुटुंब, आई आणि बाप दोघंही घरात, कष्टाळू. कल्पना एरिक माँटी आणि माइक इव्हान्स या दोन काळ्या लेखकांची. माँटी स्वतः शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत वाढलेला. पुढे काय झालं? थोरला मुलगा जे.जे. 'डायनमाइट' ओरडून हशा मिळवायला लागला आणि मालिका त्याच्या माकडचेष्टांकडे वळली. बापाचं काम करणाऱ्या जॉन एमॉसने तक्रार केली, की घरात आणखी दोन मुलं आहेत, एकाला न्यायाधीश व्हायचंय, त्यांच्याकडे का बघत नाही? तिसऱ्या हंगामानंतर त्याला काढून टाकलं आणि पात्र अपघातात मारलं. आई झालेली एस्थर रोलसुद्धा १९७७मध्ये सोडून गेली, पुढे परत आली. माँटीने त्याच वर्षी कोर्टात दावा लावला, तो तडजोडीत मिटला, पण त्याची कारकीर्द तिथेच अडली.

एका वाक्यासाठी सीबीएसशी भांडणारा निर्माता, आपल्याच नटाने तेच केलं तेव्हा त्याला दार दाखवतो. हे कसं पचवायचं?

तर्कटी
काळा_घोडा, +१. हाच खरा प्रश्न आहे.

वसंतकाका
एमॉस गेल्यावर आम्हीही बघणं सोडलं होतं. बापाशिवाय त्या घरात राम उरला नाही.

पारिजात
काळा_घोडा, ही बाजू बरोबर मांडलीत आणि मी तिचा बचाव करणार नाही. एमॉसची तक्रार रास्त होती. बाप असलेलं काळं घर टीव्हीवर दिसावं यासाठीच एस्थर रोलने आग्रह धरला होता, आणि बापालाच मारलं हे वाईट झालं.

त्याच्या पुढचं मात्र सांगायला हवं. ब्लॅक पँथर्स या काळ्यांच्या जहाल संघटनेचे काही जण लिअरच्या ऑफिसात येऊन भांडले होते, की टीव्हीवरचं काळं कुटुंब कायम गरीबच का? हे लिअरने स्वतः सांगितलंय. १८ जानेवारी १९७५ला 'द जेफरसन्स' आलं. आर्चीचाच शेजारी, ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात वर आलेला जॉर्ज जेफरसन मॅनहॅटनच्या उंच इमारतीत राहायला जातो. शेजारी काळी बाई आणि गोरा नवरा. अकरा हंगाम चाललं. त्यात जॉर्जची बायको झालेल्या इझाबेल सॅनफर्डला १९८१ला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, विनोदी मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचा, हा मिळवणारी पहिली काळी स्त्री. म्हणजे माणूस ऐकत होता, पण ज्याच्या हातात नाड्या तो ऐकतो तेव्हा आपल्या सोयीने ऐकतो, हेही तितकंच खरं.

लेखणीबहाद्दर
ओ'कॉनरशीही त्याची जुंपायची. लिफ्टमध्ये एक पोर्टोरिकन बाई बाळंत होते आणि आर्ची तिथे अडकलेला, या भागाला ओ'कॉनर तयारच नव्हता. बराच तमाशा होऊन शेवटी केला. मूल जन्मतं तेव्हा कॅमेरा फक्त आर्चीच्या चेहऱ्यावर. रडणं ऐकू येतं आणि तो चेहरा हळूहळू उजळतो. संवाद नाहीच. हे बघून आम्हा संवादलेखकांनी शिकण्यासारखं खूप आहे.

तांत्रिक बाजूही सांगतो. चित्रीकरण फिल्मवर नाही, व्हिडिओ टेपवर, समोर खरे प्रेक्षक. एकच भाग दोन वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर दोनदा करायचे आणि दोन्हींतलं चांगलं ते जोडायचे. त्यामुळे नट नाटकासारखे हशासाठी थांबतात. आपल्या नाटकवाल्यांना तो ठेका लगेच ओळखू येतो.

अण्णा_भोर
हे भारी आहे. म्हणजे दुपारचा आणि रात्रीचा प्रयोग, आणि दोन्हींचं मिळून एक!

कोकणस्थ_बाई
थोडं अवांतर. हॉलिवूडमध्ये आल्यावर लिअर आणि त्याचा जोडीदार एड सिमन्स दारोदार फर्निचर आणि लहान बाळांचे फोटो विकायचे. डॅनी थॉमस या विनोदी नटाला आपला विनोद ऐकवायचा म्हणून लिअरने एजंटच्या ऑफिसात फोन करून आपण न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर आहोत असं सांगितलं आणि नंबर मिळवला. विनोद विकला गेला, तिथून गाडी रुळावर आली.

गोट्या
कोबा, हा किस्सा लेखणीबहाद्दरने वाचलेला नाही अशी आशा करू या. नाहीतर उद्या सगळ्या चॅनल हेडना 'वार्ताहर' फोन करतील.

लेखणीबहाद्दर
गोट्या, उशीर झाला. डायल करतोय =))

मीरा_कराड
१९७५च्या 'फॅमिली अवर'बद्दल कुणी लिहिलं नाही अजून. रात्री आठ ते नऊ फक्त सहकुटुंब बघण्याजोगे कार्यक्रम, असा नियम सरकारी नियामकांच्या दबावाखाली नेटवर्कांनी केला. 'ऑल इन द फॅमिली' शनिवारच्या आठवरून सोमवारी नऊला ढकललं. लिअर आणि लेखकांची संघटना कोर्टात गेली, आणि १९७६ला न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी हा प्रकार अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवला. पुढे अपिलात तो निकाल अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर रद्द झाला, पण नियम तोवर मोडीत निघाला होता. मला हे त्या एका वाक्याच्या भांडणापेक्षाही मोठं वाटतं, कारण इथे तो सगळ्या लेखकांसाठी उभा राहिला.

पारिजात
मीराताई, अगदी. आणि हाच धागा पुढे जातो. १९८१ला टीव्हीवरच्या धर्मप्रचारकांचं राजकारण वाढलेलं बघून त्याने बार्बरा जॉर्डन या राजकारणी बाई वगैरेंबरोबर 'पीपल फॉर द अमेरिकन वे' ही संस्था काढली. २०००मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची मूळ छापील प्रत ८० लाख डॉलरहून जास्त देऊन भागीदारीत विकत घेतली आणि देशभर फिरवली. ही प्रत पेन्सिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात कुणीतरी चार डॉलरला घेतलेल्या चित्राच्या चौकटीमागे सापडली होती!

तर्कटी
माहिती छान, पण माझा प्रश्न अजून उभाच आहे. परिणाम काय झाला?

वसंतकाका
तर्कटी, मी एवढंच सांगतो. फोरमनचा मुलगा कॉलेजात जायचा, घरी बापाशी त्याचं रोज वाजायचं. बाप कामावर येऊन सांगायचा की आमच्या घरी तो 'जावई' आलाय. तो स्वतःला आर्ची म्हणवून घ्यायचा, मुलाला जावई. म्हणजे आपण कोणत्या बाजूला आहोत ते त्याला कळत होतं. त्याचे विचार बदलले का? मला नाही वाटत. मुलगा मात्र पुढे आमच्या युनियनच्या सभेत आम्हा परदेशी लोकांच्या बाजूने बोलला. मालिकेमुळेच असं मी म्हणणार नाही. पण तुझ्या अभ्यासात हे घर कुठल्या रकान्यात बसेल?

तर्कटी
काका, कुठल्याच रकान्यात बसणार नाही. तरी पूर्वग्रह असलेल्या माणसाला आर्ची जवळचा वाटला, हे तुमच्या गोष्टीतही आहेच. माझं मत कायम.

चिंगी_२०
मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. कुठून सुरुवात करू? २०१७ची नेटफ्लिक्सवरची 'वन डे अॅट अ टाइम' लिअरचीच ना?

पारिजात
हो. मूळ १९७५ची, घटस्फोटित आई आणि दोन मुली. नव्यात क्युबन वंशाचं कुटुंब, आजीच्या कामात रिटा मोरेनो. लिअर तेव्हा नव्वदी ओलांडलेला आणि तरी निर्मात्यांत. पुढे जुने भाग नव्या नटांकडून थेट प्रक्षेपणात करवले, त्यासाठी ९७व्या आणि ९८व्या वर्षी एमी मिळाली.

तुला सांगू, पहिला भाग नंतर बघ. आधी सॅमी डेव्हिस ज्युनिअर आर्चीच्या घरी येतो तो फेब्रुवारी १९७२चा भाग बघ. शेवटी फोटो काढताना सॅमी आर्चीच्या गालाचं चुंबन घेतो. मग मीराताईंनी सांगितलेले 'मॉड'चे दोन भाग, मग लिफ्टचा. काळा_घोडांच्या मुद्द्यासाठी 'गुड टाइम्स'चा पहिला हंगाम आणि चौथा, एकामागून एक. फरक लगेच कळेल.

काळा_घोडा
चौथ्याची सुरुवात चुकवू नकोस. बाप गेल्यावर आई काचेचं भांडं जमिनीवर आपटते तो प्रसंग त्यात आहे. तेवढा एस्थर रोलसाठी बघच.

चिंगी_२०
लिहून घेतलं. शनिवारी लिफ्टपासून सुरू करते आणि इथे येऊन सांगते.